पंचनाम्यात न बसणारी आपत्ती



ज्या सरांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला. त्यामुळे मला विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. पण भूगोलाचं व्याख्यान म्हटलं की श्रोते नकाशांच्या नि स्लाइडांच्या तयारीने येतात, त्यांची आज थोडी निराशा होईल. मी फक्त बोलणार आहे, आणि तेही चिखलदऱ्याजवळच्या वैराटच्या माथ्यापासून दर्यापूरच्या वावरापर्यंत जेवढा मुलूख एका दिवसात बघून होतो तेवढ्याबद्दलच.

आपल्याकडे भूगोलाच्या पेपरात नैसर्गिक आपत्तीचं उदाहरण लिहा म्हटलं, की मुलं जपानचा भूकंप लिहितात. नदीसाठी मिसिसिपी, जंगलासाठी ॲमेझॉन. उत्तर बरोबर असतं, गुणही मिळतात. त्याच मुलाला विचारा, बाबा रे, तुझ्या घराच्या पत्र्यावरून गळणारं पाणी शेवटी कोणत्या समुद्राला मिळतं? शंभरातली नव्वद मुलं गप्प बसतील. तोंडात बोट घालावं असा प्रकार आहे, कारण याच एका प्रश्नावर अमरावती जिल्ह्याचे सरळ दोन भाग पडतात. पोहऱ्याच्या टेकड्यांपलीकडे चांदूर रेल्वेच्या बाजूला पडलेला पाऊस वर्धा नदीला जातो, तिथून प्राणहिता, गोदावरी आणि बंगालचा उपसागर. अलीकडे अमरावती शहरात पडलेला अंबा नाल्यातून पेढीत, पेढीतून पूर्णेत, पूर्णेतून तापीत आणि सुरतेजवळ अरबी समुद्रात. गंमत अशी की तापी आणि वर्धा या दोघीही मध्य प्रदेशात मुलताईच्याच पठारावर उगम पावतात. एकीने पश्चिम धरली, दुसरीने आग्नेय, आणि आपण त्यांच्या मधल्या बेचक्यात नांदतो आहोत.

वर्धेचं आधी सांगून टाकतो, कारण आजचं माझं मुख्य बोलणं पूर्णेबद्दल आहे. ३० जुलै १९९१ रोजी वर्धेला आलेल्या पुराने मोवाड गाव धुऊन नेलं. मोवाड नागपूर जिल्ह्यातल्या नरखेड तालुक्यात, पण नदी ओलांडली की आपला वरूड तालुका. दोनशेहून अधिक माणसं त्या एका पुरात गेली. गाव पुढे नव्या जागी वसवावं लागलं. मोवाडच्या पुराला तारीख आहे, मृतांचा आकडा आहे, स्मृतिदिन आहे. तेव्हाचे पंचनामे कुठल्या ना कुठल्या कपाटात आजही असतील. आपत्ती म्हणजे काय, याची आपल्या डोक्यातली व्याख्या अशीच आहे: ती एका रात्री यावी, मोठा आवाज करून यावी, आणि दुसऱ्या दिवशी तलाठ्याला तिचा पंचनामा करता यावा.

पूर्णेच्या खोऱ्यातली आपत्ती या व्याख्येत बसत नाही. मला आज जे सांगायचं आहे ते एवढंच.

आधी डोंगर. गाविलगडची रांग म्हणजे सातपुड्याची दक्षिणेकडची भिंत. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना घाट एकदम उभा होतो, ते उगीच नाही. या रांगेच्या पायथ्याशी गाविलगडचा प्रस्तरभंग आहे. त्याच्या उत्तरेची बाजू उंच राहिली, दक्षिणेची खचली, आणि त्या खचलेल्या खोलगटात लाखो वर्षं गाळ साचत गेला. तोच आपला सपाट वऱ्हाड. काही ठिकाणी हा गाळ तीनशे मीटरहून जास्त खोल आहे. दर्यापूरला उभं राहून चहूकडे पाहिलं तर एक खडक दिसत नाही. घर बांधायचं तर दगड बाहेरून आणावा लागतो.

हा प्रस्तरभंग पूर्ण झोपलेला नाही, हेही इथेच सांगून ठेवतो. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात सहा रिश्टरहून मोठा भूकंप झाला होता. २०१८ च्या ऑगस्टमध्ये धारणी तालुक्यातल्या साद्राबाडीला दिवसामागून दिवस हादरे बसत होते, लोक रात्री घराबाहेर झोपत होते. आणि ३० सप्टेंबर २०२४ ला दुपारी दीडच्या सुमाराला मेळघाटात ४.२ तीव्रतेचा धक्का बसला, तो परतवाडा-अचलपूरपर्यंत जाणवला. किल्लारीचा भूकंपही ३० सप्टेंबरचाच, १९९३ सालचा. हा निव्वळ योगायोग आहे. मुद्दाम सांगतो, कारण त्या दिवशी व्हॉट्सॲपवर या तारखेचं बरंच शास्त्र तयार झालं होतं.

डोंगराच्या माथ्यावर मेळघाटचं जंगल. वर्षावन नव्हे. ॲमेझॉनमध्ये पाऊस बारमाही, पान बारमाही. आपलं जंगल सागाचं, पानझडीचं. मार्चमध्ये गेलात तर उघडेबोडके साग आणि खाली पाचोळ्याचा थर. नवख्या माणसाला वाटतं, जंगल मेलं. ते मेलेलं नसतं, पाणी वाचवत असतं. मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७४ चा, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. वाघामुळे तो सर्वांना माहीत आहे. मला मात्र तिथल्या पाच नद्या जास्त महत्त्वाच्या वाटतात: खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार. या पाचही उत्तरेकडे तापीला जातात. रांगेच्या दक्षिण उतारावरून निघणाऱ्या चंद्रभागा, सापन, बिच्छन, शहानूर, पठार, वान या पूर्णेला मिळतात. म्हणजे वैराटच्या धारेवर एकाच सरीचे दोन थेंब पडले, तर एक सिपनेतून बुऱ्हाणपूरला वळसा घालून जाईल, दुसरा अचलपूर-दर्यापूर करत खारपाणपट्ट्यातून जाईल, आणि दोघे भेटतील ते जळगाव जिल्ह्यात चांगदेवला, तापी-पूर्णेच्या संगमावर.

चिखलदऱ्याला वर्षाला साधारण दीड हजार मिलिमीटर पाऊस पडतो, अकोल्याच्या जवळजवळ दुप्पट. तरी एप्रिल-मेमध्ये त्याच तालुक्यातल्या गावांना टँकर लागतो. पर्यटकांना याचं आश्चर्य वाटतं, तिथल्या कोरकू बाईला वाटत नाही. बेसॉल्टचे थर पायऱ्यापायऱ्यांनी रचलेले, त्यात पाणी मुरायला जागा फक्त भेगांची आणि सांध्यांची. उतार उभा. पावसाचं पाणी दोन-तीन दिवसांत खाली पळतं. उन्हाळ्यात नाल्याच्या वाळूत हातभर खड्डा करायचा, त्याला झिरा म्हणतात. पाणी तळातून पाझरत वर येतं, गढूळ असतं, निवळेपर्यंत थांबायचं आणि मग वाटीने गुंडीत भरायचं. एक गुंडी भरायला कितीही वेळ लागू शकतो. झिऱ्याभोवती बायकांचा नंबर लागलेला असतो आणि त्या नंबरावर भांडणं होत नाहीत, कारण भांडणाने पाझर वाढत नाही हे सगळ्यांना माहीत असतं.

डोंगरावर पाणी पडतं, राहत नाही, ही गोष्ट गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले बांधणाऱ्यांना पक्की ठाऊक होती. नरनाळ्यावर चढून जा, तटबंदीइतकीच मेहनत तलावांवर घेतलेली दिसेल. शक्कर तलाव तर प्रसिद्धच आहे. किल्ला शत्रूने वेढला तर धान्य पुरवून खाता येतं, पाणी पुरवून पिण्याला मर्यादा असते.

तळाला पाचोळा शाबूत असला की हे पळणारं पाणी थोडं अडतं, हळूहळू मुरतं आणि पायथ्याला उशिरा पोचतं. म्हणून उन्हाळ्यात जंगलाला लागणाऱ्या आगींकडे मी वन्यजीवांच्या नव्हे, विहिरींच्या बाजूने पाहतो. वनखातं जाळरेषा काढतं, आगीवर पाळत ठेवतं, ते काम पायथ्याच्या संत्र्याच्या बागेचंही आहे. बागवाल्यांना ते कधी वाटलेलं मी पाहिलेलं नाही.

आता डोंगर उतरून पायथ्याशी येऊ. नद्या घाटातून सुटतात त्या दगडगोटे, वाळू, भरड घेऊन, आणि सपाटीला लागल्याबरोबर ते ओझं टाकून देतात. अचलपूर, अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा या गावांच्या उत्तरेला ही भरडीची पट्टी आहे. भूजलवाले तिला बझाडा म्हणतात. या पट्टीत नद्याच गडप होतात. पावसाळ्यात पूर, दिवाळीनंतर वाळवंट. पाणी जमिनीखाली गेलेलं असतं, आणि ते गोडं असतं. याच गोड्या पाण्यावर अचलपूरची संत्री उभी आहे, अकोट-तेल्हाऱ्याची केळी उभी आहे, अंजनगावचे पानमळे आणि पानपिंपळी उभी आहे. वऱ्हाडातली श्रीमंती बघायची असेल तर या पट्ट्यात फिरावं.

आणि ती श्रीमंती किती खोल गेली आहे हे बघायचं असेल तर बोअरवेलच्या गाडीवाल्याला विचारावं. पूर्वी विहिरीवर भागायचं, मग बोअर आले, मग बोअरमध्ये आणखी खोल बोअर. एका शेजाऱ्याने खोल नेला की दुसऱ्याचा आटतो, आणि मग दुसरा त्याहून खोल नेतो. याला कोणी आपत्ती म्हणत नाही. याला प्रगतिशील शेती म्हणतात, पुरस्कारही मिळतात. मी त्या शेतकऱ्यांना दोष देत नाही, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. पण पातळी खाली जाते आहे, आणि या पट्टीच्या दक्षिणेला जे बसलं आहे ते लक्षात घेतलं तर ही गोष्ट साधी नाही.

दक्षिणेला खारपाणपट्टा बसला आहे.

अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत, पूर्णेच्या दोन्ही अंगाला हा पट्टा पसरलेला आहे. भातकुली, दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोल्याचा उत्तर भाग, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर अशी ही रांग. जागतिक बँकेच्या मदतीने २०१८ मध्ये नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला, त्यात या पट्ट्यातली ९३२ गावं घेतली होती. नऊशे बत्तीस गावं म्हणजे एखादा जिल्हाच झाला की. आणि शालेय पुस्तकात त्याला किती ओळी मिळतात ते तुम्हीच पाहा.

सर सहलीला मुलांना न्यायचे तेव्हा तीन बाटल्या बरोबर ठेवायचे. एक चिखलदऱ्याच्या झऱ्याची, एक अकोटकडच्या बोअरची, एक दर्यापूरकडच्या हातपंपाची. शाळेत परत आल्यावर तीन स्टीलच्या ताटल्यांत सारखं सारखं पाणी ओतून स्टोव्हवर आटवायचे. पहिल्या ताटलीत डाग उरायचा, दुसऱ्यात धुरकट कडं. तिसऱ्या ताटलीत पांढरा थर बसायचा, नखाने खरवडून निघेल असा. एक मुलगा तो चाटून बघायचाच, दर वर्षी, आणि तोंड वाकडं करायचा. मुलांना खारपाणपट्टा त्या ताटलीत समजायचा. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत, असं भारतीय मानक सांगतं. या पट्ट्यात दोन हजारांच्या वरचं पाणी काढून दाखवायला फार भटकावं लागत नाही.

हे मीठ आलं कुठून? गावात विचारलं तर उत्तर ठरलेलं: "इथं पयले समुद्र होता ना भाऊ." ऐकायला छान आहे. पण हा गाळ नद्यांनी आणलेला आहे. त्यामागचं कारण समुद्राहून साधं आणि मला तरी जास्त मनोरंजक वाटतं. डोंगरातला बेसॉल्ट झिजतो, त्यातून कॅल्शियम आणि सोडियम दोन्ही पाण्याबरोबर खाली येतात. खोलगट बंदिस्त, उतार जवळजवळ नाही, काळी चिकण माती पाणी खाली जाऊ देत नाही, पाऊस वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर आणि ऊन मात्र त्याच्या कितीतरी पट पाणी उडवू शकणारं. पाणी उडतं, क्षार राहतात. त्यातला कॅल्शियम चुनखडीचे खडे होऊन बाजूला बसतो, वावरात नांगराला लागतात ते खडे. कॅल्शियम गेला की मैदान सोडियमला मोकळं. नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण संस्थेने या मातीवर बरंच काम केलं आहे. सोडियम चिकण मातीच्या कणांना चिकटला की ते कण एकमेकांना सोडतात, फुगतात, आणि माती भिजवलेल्या कणकेच्या गोळ्यासारखी होते. वरून पाणी ओता, आत जात नाही.

या जमिनीची दोन रूपं असतात. मे महिन्यात वावराला भेगा पडतात, कोपरापर्यंत हात आत जाईल अशा. जुलैत झड लागली की त्याच वावरात माणसाचा पाय गुडघ्यापर्यंत रुततो, बैल उभे राहतात, ट्रॅक्टर अडकतो. दोनच वाफसे मिळतात आणि तेही चुकले की हंगाम गेला. विहिरीला पाणी आहे, हाताशी आहे, पण ते पिकाला दिलं तर जमीन आणखी बिघडते. शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर पाणी आणि पीक सुकतं, अशी ही जागा आहे. बाहेरचा अधिकारी पातळी मोजतो आणि म्हणतो, इथे भूजल मुबलक.

आणि घरातलं? हातपंपाच्या दांड्यावर, ओट्यावर पांढरी साय. तुरीची डाळ शिजत नाही, म्हणून वरणासाठी गोडं पाणी वेगळं ठेवायचं. मुतखड्याचा पेशंट ज्या घरात नाही ते घर शोधावं लागतं. "त्या पट्ट्यात पोरगी देऊ नये" असं सोयरिकीत सर्रास म्हटलं जातं. गावोगाव आरओचं यंत्र आहे आणि वीस लिटरचा कॅन विकत घेणं हा महिन्याचा किराणा झाला आहे. डोंगरातल्या धरणांमधून गोडं पाणी आणणाऱ्या योजना आहेत: वान धरणावरची अकोट-तेल्हाऱ्याची ८४ खेडी, काटेपूर्णेवरची खांबोऱ्याची ६४ खेडी. जिथे नळाला नेमाने पाणी येतं तिथल्या लोकांना विचारा, ते हात जोडतात. जिथे पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला गाव आहे, तिथे विचारू नका.

या मिठाचा एक इतिहास मात्र आपण विसरलो आहोत. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरांत अकोला जिल्ह्यातल्या दहीहांडा भागातल्या मिठाच्या विहिरींची नोंद आहे. शंभर-सव्वाशे फूट खोल विहिरी, तळाला रेतीचा थर, त्यातून येणारं खारट पाणी आटवून लोक मीठ करत. सरकारने मिठाची मक्तेदारी घेतली आणि तो धंदा बसला. मग १९३० साल आलं. दांडीला समुद्र होता, वऱ्हाडाला नव्हता. तरी वऱ्हाडाने मिठाचा सत्याग्रह केला, तो दहीहांड्याला, खाऱ्या विहिरीच्या पाण्यावर. माझ्या मते भारतातल्या स्वातंत्र्यलढ्यात भूगर्भशास्त्राचा एवढा उपयोग दुसऱ्या कोणी केला नसेल.

पूर्णा आणि माणसं यांचं नातं असं विचित्रच आहे. तिच्या काठच्या विहिरी खाऱ्या, पण श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याचे शिवभक्त गांधीग्रामला जातात, पूर्णेचं पाणी भरण्यांत घेतात आणि खांद्यावर कावड घेऊन रात्रभर चालत राजराजेश्वराला आणतात. श्रावणात नदीला ताजं पावसाचं पाणी असतं, ते गोडंच. पूर्णेचा काठ गाळाचा, उंच, घळी पडलेला, पाय घसरेल असा. ऋणमोचनच्या यात्रेत भाविकांचे या चिखलात हाल होत, म्हणून गाडगेबाबांनी तिथे घाट बांधायला घेतला. बाबांचं बालपण पूर्णेच्याच काठी दापुऱ्याला गेलं. ते शाळेत गेले नव्हते, पण नदीचा काठ कुठे ढासळतो हे त्यांना इंजिनिअरपेक्षा लवकर कळलं होतं.

पुराचं म्हणाल तर पूर्णेचे पूर आपल्याला फारसे आठवत नाहीत, कारण त्यांचा फटका दूर बसतो. पूर्णा तापीला मिळाली की लगेच खाली भुसावळजवळ हतनूर धरण. "हतनूरचे ४१ दरवाजे उघडले" ही बातमी आपण दर पावसाळ्यात वाचतो आणि पान उलटतो. ते पाणी पुढे उकाईत जातं. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईतून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावं लागलं आणि सुरत बुडाली. त्या पाण्यात आपल्या डोंगरांवर पडलेला पाऊसही होता. सुरतेच्या पुराचा अभ्यास करणारे उकाईच्या दरवाजांवर वाद घालतात, तो घालावाच. पण त्या खोऱ्याचा वरचा भाग इथे आहे हे सुरतेलाही माहीत नाही आणि आपल्यालाही नाही.

अकोल्याची मोर्णा नदी मात्र घरातली. २१ जुलै २०२१ च्या रात्री अकोल्यात दोनशे मिलिमीटरच्या घरात पाऊस झाला. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला की सरकारी दफ्तरात अतिवृष्टी, इथे तिप्पट. मोर्णेच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. त्याआधी २०१८ च्या जानेवारीत अकोलेकरांनी हजारोंनी नदीत उतरून जलकुंभी काढली होती, पंतप्रधानांनी "मन की बात"मध्ये त्याचं कौतुकही केलं. ते कौतुक योग्यच होतं. पण जलकुंभी नदीच्या तोंडावर होती, आणि पूर येतो तो नदीच्या अंगावर आपण चढलेलो असतो म्हणून. त्यासाठी घमेलं-फावडं घेऊन चालत नाही, नगररचनेचा नकाशा घ्यावा लागतो.

आणि ऊन. अकोल्यात पारा ४७ च्या पुढे गेल्याच्या नोंदी आहेत. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, मध्ये हा काळ्या मातीचा खोलगट, उन्हाळ्यात उघडा पडलेला, वरून वायव्येचे कोरडे वारे. २०२४ च्या मे महिन्यात अकोला जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हामुळे १४४ कलम लावलं. एरवी दंगलीच्या भीतीने लावलं जाणारं कलम उन्हासाठी लावावं लागलं. केंद्राच्या अधिसूचित आपत्तींची यादी तेव्हा होती ती बारा नावांची: चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड, हिमस्खलन, ढगफुटी, कीड, कडाक्याची थंडी. हिमस्खलन त्यात होतं. वऱ्हाडातलं ऊन त्या बारांत नव्हतं. पाण्याचा खार तर नाहीच नाही.

दुष्काळाचा पंचनामा होतो, गारपिटीचा होतो. खाऱ्या पाण्याने चाळीस वर्षांत एका घरातल्या तीन माणसांच्या किडन्यांचं काय झालं, जमीन कशी चोपण झाली, पोराचं लग्न का जमलं नाही, याचा पंचनामा कोण करणार आणि कोणत्या तारखेला?

आता शेवटचा आणि सध्याचा मुद्दा. या पट्ट्याकडे मोठं पाणी येऊ घातलं आहे. १० मे २०२५ रोजी भोपाळला महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी पाणी पायथ्याशी मुरवणाऱ्या तापी मेगा रिचार्ज योजनेच्या करारावर सह्या केल्या. एकूण ३१.१३ टीएमसी पाणी, त्यातलं १९.३६ टीएमसी महाराष्ट्राच्या वाट्याचं. दुसरीकडे वैनगंगा-नळगंगा नदीजोड, त्याचा सव्वाचारशे किलोमीटरचा कालवा अमरावती, अकोला करत बुलढाण्यापर्यंत येणार. मी या योजनांच्या विरोधात नाही. बझाडा पट्टीत पाणी मुरवणं हा शहाणपणाचा विचार आहे, तिथली भरड पाणी पिते, आणि वर्षानुवर्षं उपसलेलं भरून निघेल. पण खारपाणपट्ट्याच्या काळ्या मातीवर कालवा सोडून मोकाट पाणी देणं ही वेगळी गोष्ट आहे. त्याचं काय होतं हे बघायला परदेशी जायला नको. ऑस्ट्रेलियात मरे-डार्लिंगच्या खोऱ्यात खारं भूजल वर आलं आणि जमिनी पांढऱ्या झाल्या हे खरं, पण आपल्या शिरोळ, मिरज, वाळव्यात जा. कृष्णेचं गोडं पाणी उसाला मनसोक्त पाजून तिथल्या शेतकऱ्यांनी सोन्यासारखी जमीन क्षारपड करून घेतली आहे. तिथे वरच्या थरात खार नव्हता, तो पाण्याने वर आणला. इथे तो आधीच बसलेला आहे.

या जमिनीला थोडं पाणी हवं, वेळेवर हवं, आणि ते पावसाचंच हवं. याचे प्रयोग झालेले आहेत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने जिप्सम, ढेंचाचं हिरवळीचं खत, रुंद वरंबा-सरी हे सगळं वर्षानुवर्षं सांगितलं आहे. आणि शेततळं. जी माती पाणी मुरू देत नाही म्हणून आपण तिला शिव्या देतो, तिच्यात तळं खोदलं तर प्लास्टिकचा कागद न टाकताही पाणी टिकतं. पावसाचं गोडं पाणी. नोव्हेंबरात हरभरा फुलावर असताना त्यातून स्प्रिंकलरने एक पाणी दिलं, की पिकात फरक पडतो. मूर्तिजापूर-दर्यापूरकडे असे शेतकरी भेटतात. त्यांना विचारा, कालवा पाहिजे का? ते म्हणतात, "कालवा येऊ दे, पण वावरात नको. तळ्यात द्या." या एका वाक्यात सिंचन खात्याला पुरेल एवढं धोरण आहे.

म्हणून माझी मागणी दोन गोष्टींची आहे. पाणी पायथ्याशी मुरवा आणि पट्ट्यात ते तळ्यांत, नळांत आणि स्प्रिंकलरच्या पाइपातच उतरू द्या, चारीतून नको. आणि कालवा येण्याआधीची जमीन नि पाणी आज नोंदून ठेवा. नाहीतर पंधरा वर्षांनी क्षार वाढले की वाढले नाहीत, यावर दोन्ही बाजू हमरीतुमरीवर येतील आणि कागद कोणाकडेच नसेल. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, पण तिच्या विहिरी प्रत्येक गावात नाहीत. शाळा जवळजवळ प्रत्येक गावात आहे. खिशात मावणारा, पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काहीशे रुपयांत मिळतो. दोर, त्याला बांधलेला दगड आणि एक मीटर एवढंच सामान लागतं.

इथे बसलेल्या शिक्षकांना मी विनंती करतो. येत्या ऑक्टोबरात, पावसाळा सरला की, मुलांना घेऊन गावातल्या तीन विहिरींवर जा: एक पिण्याची, एक वावरातली, एक पडीक. पाण्याची खोली आणि खार, दोन आकडे एका वहीत लिहा. मे महिन्यात पुन्हा जा. वही शाळेत ठेवा, नक्कल ग्रामपंचायतीत द्या, आणि दर वर्षी एका ग्रामसभेत ते आकडे मोठ्याने वाचून दाखवा.